नकाराच्या पुढचे पान

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण मिळाले. एकदा सलग वाचले आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचले. एकोणिसाव्या शतकातील स्वित्झर्लंडची राष्ट्रीय सार्वमते हा विषय तुला कुठून सुचला, ते तू पहिल्याच परिच्छेदात सांगितले आहेस. फोंड्याच्या आजोळी आजी ‘दोन पानां’ची आणि आजोबा ‘फुला’चे, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही या १९६७ च्या जनमत कौलावरून त्या घरात अजूनही जेवणाच्या पानावर वाद होतो, हे वाचून मला हसू आले. विषय असा घरातून आलेला असला की तो तडीस जातो. पण गोव्याकडे आपण शेवटी येऊ. आधी स्वित्झर्लंडविषयी जे सांगायचे आहे ते सविस्तर सांगते, कारण तुझ्या टिपणातली मुख्य अडचण तिथेच आहे.

तू केलेले कोष्टक नीटनेटके आहे. तारीख, विषय, होकार, नकार आणि निकाल असे पाच रकाने त्यात आहेत. अडचण एवढीच की प्रत्येक ओळ वाचताना तो विषय तिथेच मिटला असे वाटते. मीही विद्यार्थिदशेत अगदी असेच कोष्टक केले होते. मंजूर किती, नामंजूर किती याची टक्केवारी काढून ‘स्विस मतदार स्वभावतःच सनातनी होता’ असा निष्कर्ष मी मोठ्या ऐटीत लिहिला होता. माझ्या मार्गदर्शकांनी तो कागद परत करताना एकच प्रश्न विचारला: रविवारी लोकांनी ‘नाही’ म्हटले, मग सोमवारी सरकारने काय केले? मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने माझे दुसरे वर्ष खाल्ले आणि तुझेही खावे अशी माझी इच्छा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की स्विस सार्वमताचा निकाल त्याच विषयावरच्या पुढच्या प्रस्तावापर्यंत वाचत जावा लागतो. नकार ही तिथे बहुतेक वेळा वाटाघाटीतली पहिली बोली असते. काही वेळा ती शेवटचीही ठरते. कोणता नकार कोणत्या जातीचा, हे ओळखणे हाच तुझा प्रबंध.

सुरुवात शब्दापासून कर. १८४८ पूर्वी कँटनांचे, म्हणजे स्विस संघातल्या घटक राज्यांचे, वकील टागझात्सुंग या संघसभेत बसत. ते स्वतःच्या मताचे मालक नसत, सूचना घेऊन येत. सूचनेबाहेरचा विषय निघाला की ते तो ‘अड रेफरेंडम’ म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ या अटीवर स्वीकारत आणि आपापल्या कँटनात परत नेत. सार्वमताला युरोपात रूढ झालेला शब्द या वकिली पद्धतीतून आला आहे. म्हणजे विचारणा मुळात कँटनांची होती, व्यक्तीची नव्हती. पुढे १८३१ साली सेंट गालेनने विधिमंडळाच्या कायद्याला खो घालण्याचा अधिकार लोकांना दिला आणि इतर काही कँटनांनी तो उचलला, पण कँटनाला विचारायचे ही मूळची सवय सुटली नाही. संविधान बदलायचे तर देशातील मतदारांचे बहुमत हवे आणि कँटनांचेही बहुमत हवे, या दुहेरी अटीत ती सवय आजही शाबूत आहे. अर्ध्या कँटनाचे मत अर्धे धरतात, त्यामुळे निकालात ‘साडेचौदा विरुद्ध साडेसात’ असे आकडे दिसतात. तुझ्या कोष्टकात तू हा रकानाच घेतलेला नाहीस. तो घातल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आकडे उतरवून घेताना आणखी एक खोड लावून घे: मते मोजली कशी, ते आधी पाहायचे. १८०२ साली, फ्रेंच सत्तेच्या छायेत असलेल्या हेल्वेटिक प्रजासत्ताकाने, म्हणजे तेव्हाच्या स्वित्झर्लंडने, नवे संविधान लोकांपुढे ठेवले. होकार पडले ७२,४५३ आणि नकार ९२,४२३. तरीही संविधान संमत झाले, कारण मतदानाला न आलेले १,६७,१७२ जण होकारात धरले गेले. मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडचे सुभाषित तिथे मोजणीचा नियम झाले होते. आणि हा परकीय दबावाखालचा एकच प्रसंग म्हणून सोडून देऊ नकोस. १८४८ चे संघीय संविधान कँटनाकँटनांतून मंजूर होत असताना ल्युसर्नमध्ये गैरहजर मतदार होकारातच मोजले गेले, आणि फ्रिबुर्गमध्ये लोकांना विचारण्याची जोखीम न घेता तिथल्या विधिमंडळाने परस्पर होकार कळवून टाकला. हे दोन्ही कँटन आदल्या नोव्हेंबरच्या यादवी युद्धात हरलेले होते. संघाचे सेनापती जनरल द्युफूर यांच्या सैन्याने झोंडरबुंड या सात कॅथलिक कँटनांच्या फळीला चार आठवड्यांच्या आत नमवले होते आणि दोन्ही बाजू मिळून मृतांची संख्या शंभराच्या आसपास राहिली होती. युद्ध आटोपशीर झाले, पण हरलेल्यांच्या मनातली सल तशी आटोपशीर नव्हती. साडेपंधरा कँटनांच्या होकारावर १२ सप्टेंबर १८४८ रोजी संविधान जाहीर झाले, साडेसहा विरोधात राहिले. पुढच्या पन्नास वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सार्वमतामागे ही हरलेली बाजू उभी आहे. ती दिसली नाही तर नकार लहरी वाटतात.

या संविधानाखालचे पहिले राष्ट्रीय मतदान १४ जानेवारी १८६६ रोजी झाले. ते तू एका ओळीत उरकले आहेस, ते सोडव. त्या दिवशी एक नाही, नऊ प्रश्न होते: वजनमापे, वसतीचा हक्क, स्थलांतरितांचा मताधिकार आणि करआकारणी, धर्मस्वातंत्र्य, काही शिक्षांवर बंदी, लेखक-संशोधकांचे हक्क, लॉटरीवर निर्बंध असे. नवांपैकी एकच टिकला. वजनमापांच्या प्रश्नावर मतदारांचे काठावरचे बहुमत होकाराचे होते, तरी कँटनांनी तो पाडला. दुहेरी अटीचा पहिला बळी म्हणजे एक मापपट्टी ठरली, हे मला नेहमी गमतीचे वाटते. नव्या संविधानानंतर दशमान पद्धत देशभर आली ती आलीच.

टिकलेला प्रश्न वसतीच्या हक्काचा होता, आणि तो नीट समजून घ्यायचा तर आरगाऊ कँटनातील एंडिंगेन आणि लेंगनाऊ या दोन खेड्यांत जावे लागेल. स्विस ज्यूंना कायमची वस्ती करायला दीर्घकाळ हीच दोन खेडी मोकळी होती. तिथल्या जुन्या घरांना आजही दर्शनी बाजूला शेजारी-शेजारी दोन दरवाजे दिसतात, एक ख्रिस्ती कुटुंबाचा आणि एक ज्यू कुटुंबाचा. छप्पर एक, भिंत एक आणि उंबरे दोन. १८६२ साली आरगाऊच्या विधिमंडळाने ज्यूंना बरोबरीचे हक्क देणारा कायदा केला, तेव्हा तिथल्या मतदारांनी विधिमंडळच घरी पाठवले आणि कायदा मागे घ्यायला लावला. मग १८६४ साली फ्रान्सशी व्यापारी करार झाला आणि त्यात फ्रेंच नागरिकांना, कोणत्याही धर्माच्या, स्वित्झर्लंडमध्ये वसतीचा हक्क मिळाला. म्हणजे परदेशी ज्यू काही कँटनांत घर करू शकत होता आणि एंडिंगेनचा ज्यू नाही, असा विचित्र प्रकार झाला. १८६६ चा होकार या अडचणीतून निघालेला आहे. सुमारे ५३ टक्के मतदार आणि साडेबारा कँटन होकाराचे होते. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र प्रश्न मात्र फेटाळला. वसती दिली, पूजा दिली नाही. ‘स्विस जनतेने ज्यूंना समान हक्क दिले’ हे तुझे वाक्य म्हणून खोडावे लागेल. त्या रविवारी किती दिले आणि किती हातचे राखले, तेवढेच लिही.

आता १८७२ आणि १८७४ ही जोडी. माझ्या मते सगळ्या शतकात यापेक्षा बोलकी जोडी नाही. मे १८७२ मध्ये संविधानाच्या संपूर्ण पुनर्रचनेचा मसुदा लोकांपुढे आला. एक कायदा, एक सैन्य, असा त्याचा रोख होता. पाच लाखांहून अधिक मते पडली आणि सुमारे पाच हजारांच्या फरकाने तो पडला. कँटनांत ९ विरुद्ध १३. पाडणारे कोण? एकीकडे जुने कॅथलिक कँटन, ज्यांना बर्नमधल्या संघसरकारच्या सत्तेचा धाक होता, आणि दुसरीकडे व्होसारखे फ्रेंच भाषक प्रोटेस्टंट कँटन, ज्यांना जर्मन भाषक बहुसंख्येचा धाक होता. एरवी हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहणारे, पण त्या एका रविवारी एकत्र आले. सरकारने पुढच्या दोन वर्षांत काय केले ते पाहा. फ्रेंच भाषकांना दुखणारी कलमे मवाळ केली, नागरी कायदा बहुतांशी कँटनांकडे राहू दिला, सैन्याचे केंद्रीकरणही थोडे आवरले. त्याच वेळी व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चशी पेटलेल्या वादामुळे प्रोटेस्टंट मतदार, मग तो कोणत्याही भाषेचा असो, नव्या मसुद्याकडे ओढला गेला. १९ एप्रिल १८७४ रोजी ३,४०,१९९ विरुद्ध १,९८,०१३ मतांनी आणि साडेचौदा विरुद्ध साडेसात कँटनांनी संविधान संमत झाले. नकाराची आघाडी सरकारने अशी मधोमध चिरली. एका अर्ध्याला सवलत देऊन आपल्याकडे घेतले आणि दुसऱ्याला एकटे पाडले. जनतेचे मत दोन वर्षांत बदलले, असे तू लिहिले आहेस. मत थोडेसेच बदलले, मसुदा पुष्कळ बदलला.

आणि याच मसुद्यात एकट्या पडलेल्यांच्या हाती एक हत्यार आले. संसदेने केलेल्या कोणत्याही सर्वसाधारण कायद्यावर ९० दिवसांच्या आत ३०,००० मतदारांच्या सह्या जमल्या, किंवा आठ कँटनांनी मागणी केली, की तो कायदा लोकांपुढे न्यायचा. या ऐच्छिक सार्वमताला कँटनांच्या बहुमताची अट नाही, साधे लोकबहुमत पुरे. या यंत्राची चाल नीट समजून घे. कायदा मंजूर करून घेणे हे त्याचे काम नाही, गाडी थांबवणे एवढेच त्याचे काम. मत मागणारा नेहमी विरोधक असतो. म्हणून होकार-नकाराची टक्केवारी काढून लोकस्वभाव ठरवण्यात अर्थ नाही. ज्या कायद्यांवर कोणीच सह्या जमवल्या नाहीत, ते तुझ्या कोष्टकात आलेलेच नाहीत, आणि त्यांची संख्या फार मोठी आहे.

यंत्राचा पहिला वापर २३ मे १८७५ रोजी झाला, आणि तो दिवस मी तुला आकड्यांवर बोट ठेवून वाचायला सांगते. दोन कायदे होते. पहिला जन्म-मृत्यू नोंद आणि विवाहाचा, म्हणजे पाद्र्याच्या हातची नोंदवही सरकारी अधिकाऱ्याकडे देणारा. दुसरा मताधिकाराचे नियम देशभर एकसारखे करणारा. पहिल्याला २,१३,१९९ होकार आणि २,०५,०६९ नकार पडले, तो टिकला. दुसऱ्याला २,०२,५८३ होकार आणि २,०७,२६३ नकार पडले, तो पडला. आता वजाबाकी कर. दुसऱ्या प्रश्नावर होकार १०,६१६ ने घटले, पण नकार फक्त २,१९४ ने वाढले. मधली ८,४२२ मते गेली कुठे? ती दुसऱ्या प्रश्नावर वैध मतांत आलीच नाहीत. म्हणजे दुसरा कायदा नकाराच्या लाटेने बुडवलेला नाही. लग्नाच्या नोंदीसाठी बाह्या सरसावून आलेल्यांपैकी काही जणांना त्या दुसऱ्या प्रश्नाशी देणेघेणे नव्हते, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणते, कारण मतपेटी मनातले सांगत नाही. पण निदान कुठे पाहायचे ते सांगते. असे आकडे पाहिल्यावर ‘जनतेने नाकारले’ हे वाक्य लिहिताना लेखणी जरा अडखळली पाहिजे.

पुढच्या दहा वर्षांत विरोधकांनी हे हत्यार इतके चालवले की सरकार मेटाकुटीला आले. तरी प्रत्येक नकाराचे पुढचे पान वेगळे आहे. सैनिकी सेवेतून सूट मिळालेल्यांवरचा कर १८७६ साली फेटाळला गेला, १८७७ साली पुन्हा फेटाळला गेला, आणि १८७८ साली तिसऱ्यांदा आलेल्या कायद्यावर कोणी सह्याच जमवल्या नाहीत. दोनदा मोडता घालून हवे ते पदरात पडले होते. १८७५ साली पडलेला मताधिकाराचा कायदा मात्र १८७७ साली दुसऱ्यांदा पडला आणि मग कपाटात गेला. साथरोगांचा कायदा जुलै १८८२ मध्ये जवळजवळ ७९ टक्के नकारांनी उडाला, कारण त्यात देवीची लस सक्तीची होती. चार वर्षांनी, १८८६ साली, तोच विषय सक्ती वगळून आला आणि बिनबोभाट कायदा झाला. नकार साथरोगांना नव्हता, सुईला होता. पेटंटचा प्रस्ताव १८८२ साली पडला आणि १८८७ साली मोठ्या बहुमताने आला. सगळ्यांत चांगली बातमी त्या दशकात मजुरांची होती: ऑक्टोबर १८७७ मध्ये कारखाना कायदा १,८१,२०४ विरुद्ध १,७०,८५७ मतांनी टिकला, दिवसाचे काम ११ तासांवर आले आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेणे बंद झाले. हा अनुभव ग्लारुस कँटनाने आधीच घेतलेला होता. तिथल्या मोकळ्या मैदानावर भरणाऱ्या लांड्सगेमाइन्डे या मतदारसभेने, हात वर करून, १८६४ सालीच असा कायदा केला होता. कँटन आधी करून पाहतो आणि देश मागून येतो, हेही संघराज्याचे एक अंग आहे. तुझ्या टिपणात ते नाही.

काही नकार मात्र खरोखर शेवटचे होते. नोव्हेंबर १८८२ चे शाळेचे प्रकरण घे. संविधानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्यावर देखरेखीसाठी बर्नमध्ये एक संघीय सचिव नेमावा, एवढाच प्रस्ताव. एक माणूस आणि त्याचा पगार. विरोधकांनी त्याला ‘शुलफोग्ट’ म्हटले. फोग्ट म्हणजे विल्हेल्म टेलच्या कथेतला परक्या राजाचा जुलमी सुभेदार, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक. शाळांचा सुभेदार, एवढे नाव पडले आणि प्रस्तावाचा निकाल लागल्यात जमा झाला. लागत होत्या ३०,००० सह्या, जमल्या पावणेदोन लाखांहून अधिक. त्या काळी प्रत्येकाने स्वहस्ते सही करायची आणि गावच्या प्रमुखाने ती सही मतदाराचीच असल्याचा दाखला द्यायचा, हे लक्षात घेतलेस तर या आकड्यामागे किती चर्चची आवारे आणि किती खानावळी असतील याचा अंदाज येईल. ३,१८,१३९ विरुद्ध १,७२,०१० मतांनी प्रस्ताव पडला आणि शाळा कँटनांकडेच राहिल्या. मे १८८४ मध्ये तर एकाच रविवारी चार कायदे आडवे झाले. न्याय खात्याची रचना, फिरत्या विक्रेत्यांचे शुल्क, फौजदारी कायद्यातील एक दुरुस्ती आणि वॉशिंग्टनच्या वकिलातीसाठी १०,००० फ्रँक, या चौकडीला लोकांनी ‘चार वशिंडांचा उंट’ म्हटले. दहा हजार फ्रँकांसाठी देश मतदानाला जातो, हे वाचून तू टिपणात उद्गारचिन्ह टाकले आहेस. ते काढ. रक्कम क्षुल्लक होती, पण त्या दिवशी मत रकमेवर नव्हतेच. कुंपणाबाहेर ठेवलेल्या कॅथलिक पुराणमतवादी पक्षाचा तो दारावरचा धक्का होता.

दार उघडले १८९१ साली, आणि ते रेल्वेमुळे. खासगी रेल्वे कंपन्या सरकारने विकत घ्याव्यात, असा संघीय परिषदेतील, म्हणजे स्विस मंत्रिमंडळातील, एमिल वेल्टी यांचा ध्यास होता. सेंट्रल रेल्वेच्या खरेदीचा कायदा ६ डिसेंबर १८९१ रोजी लोकांपुढे आला आणि जवळजवळ ६९ टक्के मतदारांनी नाकारला. समभागांचा भाव फार लावला आहे आणि नफा सट्टेवाल्यांच्या खिशात जाणार आहे, ही लोकांची मुख्य तक्रार होती. वेल्टींनी लगोलग राजीनामा दिला. त्यांच्या जागी, अवघ्या अकरा दिवसांनी, संसदेने ल्युसर्नच्या योझेफ झेम्प यांना निवडले. १८४८ पासून त्या सात जणांच्या परिषदेत एकाही कॅथलिक पुराणमतवाद्याला जागा मिळाली नव्हती. झेम्प हे पहिले. ज्यांनी इतकी वर्षे सह्यांच्या जोरावर गाडी अडवली, त्यांच्या माणसाला गाडीत बसवून घेण्यात आले. आणि खाते कोणते दिले, तर पोस्ट आणि रेल्वे. या चालीतला मिस्कीलपणा तुझ्या लक्षात आलाच असेल.

मग झेम्प यांच्या खात्याने काय केले? खरेदीचा हट्ट लगेच धरला नाही. आधी कंपन्यांचे हिशेब कसे ठेवायचे याचा कायदा केला. १८९६ साली तो सार्वमतात टिकला. कंपन्यांच्या परवान्यांत खरेदीची किंमत दहा वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पंचवीस पट ठरलेली होती. म्हणून नफा नेमका कसा मोजायचा, इथेच सगळी मेख होती. ती बसवून झाल्यावर खरेदीचा कायदा आणला आणि २० फेब्रुवारी १८९८ रोजी ३,८६,६३४ विरुद्ध १,८२,७१८ मतांनी तो मंजूर झाला. ‘स्विस रेल्वे स्विस जनतेची’ ही त्या मोहिमेची घोषणा होती. तुझ्या कोष्टकात १८९१ ची ओळ ‘रेल्वे राष्ट्रीयीकरण: नामंजूर’ आणि १८९८ ची ओळ ‘रेल्वे राष्ट्रीयीकरण: मंजूर’ अशी आहे, जणू लोकांनी कोलांटी मारली. १८९१ चा प्रश्न भावाचा होता. भाव पटल्यावर लोकांनी माल घेतला. उलट दिशेचे उदाहरणही टिपून ठेव: आजार आणि अपघात विम्याचे संविधानातले कलम १८९० साली सहज मंजूर झाले आणि त्यावर आधारलेला सविस्तर कायदा मे १९०० मध्ये सपाटून पडला. तत्त्वाला होकार आणि तपशिलाला नकार. तो कायदा व्हायला १९१२ उजाडले.

आता १८९१ च्याच जुलैमध्ये आलेल्या दुसऱ्या अधिकाराकडे वळते. ५०,००० मतदारांनी सह्या करून संविधानात नवे कलम सुचवायचे, ज्याला आपली पाठ्यपुस्तके ‘उपक्रम’ म्हणतात. सार्वमत हा लगाम असेल तर हा चाबूक. त्याचा पहिला फटका कोणावर बसला, ते तू फार भरभर लिहून टाकले आहेस. २० ऑगस्ट १८९३ रोजी, संसदेचा सल्ला धुडकावून, सुमारे ६० टक्के मतदारांनी आणि साडेअकरा कँटनांनी बेशुद्ध न करता जनावर कापण्यावर बंदी घालणारे कलम संविधानात घातले. उपक्रम प्राणिमित्र संघटनांचा होता आणि त्यातल्या काहींची कळकळ खरीही असेल, पण बंदी पडली ती ज्यूंच्या धर्मविधीवर, आणि प्रचारात ज्यूद्वेषाचा वारा उघड वाहत होता. फ्रेंच भाषक कँटनांनी विरोध केला. आरगाऊने, म्हणजे त्या दोन दरवाजांच्या घरांच्या कँटनाने, प्रचंड बहुमताने होकार दिला. १८६६ आणि १८९३ शेजारी ठेवून वाच. करारातल्या गैरसोयीमुळे एक दरवाजा उघडला होता आणि सत्तावीस वर्षांनी लोकांनी आपल्या हाताने त्याला कडी घातली. ते कलम संविधानातून १९७३ साली गेले. बंदी मात्र प्राणिसंरक्षणाच्या कायद्यात राहिली. या नकारापुढचे, खरे तर या होकारापुढचे, पान अजून उलटलेले नाही. लोकशाहीच्या कौतुकाचा परिच्छेद लिहिशील तेव्हा हे प्रकरण तळटीपेत ढकलू नकोस. ते मजकुरात असू दे. १८९४ सालचे कामाच्या हक्काचा आणि जकातीच्या वाटणीचा असे दोन्ही उपक्रम दणकून पडले, त्यांना एकेक परिच्छेद पुरे.

आणि ‘जनता’ हा शब्द. मी मोजला, टिपणात एकोणतीस वेळा आला आहे. वर सांगितलेल्या सगळ्या मतांमध्ये एकही मत बाईचे नाही. संघीय पातळीवर स्विस स्त्रियांना मताधिकार मिळाला १९७१ साली, आणि तोही पुरुषांच्या सार्वमताने. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ही बातमी ताजी होती आणि वर्गातल्या आम्ही मुलींनी त्या प्रगत देशाची मनसोक्त टवाळी केली होती. तू ‘मतदार’ लिही. जिथे शक्य असेल तिथे कोणत्या कँटनाचा मतदार तेही लिही.

राहिला गोवा. तुलनेचा मोह मला समजतो, पण यंत्रे वेगळी आहेत हे आधी मान्य कर. स्विस मतदाराला पुन्हा विचारले जाण्याची खात्री असते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जो प्रश्न विचारला गेला, तो एकदाच विचारायचा होता आणि त्यात पर्याय दोनच होते: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. पण त्याचेही पुढचे पान आहे, आणि ते फार लांब नाही. कौलानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. गोवा राज्य झाले ते १९८७ साली. तेव्हा शेवटच्या प्रकरणात तुलना करायचीच तर यंत्रांची करू नकोस, या दोन महिन्यांची कर.

पुढच्या खेपेला येताना तीन गोष्टी घेऊन ये. कोष्टकात कँटनांचा रकाना आणि ‘पुढे काय झाले’ असा सातवा रकाना, ज्यात एकही घर रिकामे नको. १८९१ आणि १८९८ चे रेल्वेचे कँटनवार आकडे समोरासमोर लावलेला एक कागद. आणि आजीला एक प्रश्न विचारून ये, आजोबा आसपास नसताना: जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारल्यावर मार्चमध्ये तो कशावर मारला होता?

कळावे. शुभाशीर्वाद.